थारला स्नॉर्कल बसवलं म्हणजे शिये रोडचं पाणी पार झालं असं नाही

कसबा बावडा : आमच्या गल्लीतल्या एका पोरानं गेल्या महिन्यात थारला स्नॉर्कल बसवून आणलं. बोनेटच्या कडेनं निघून पुढच्या काचेच्या खांबाला धरून टपापर्यंत गेलेली काळी नळी. दोन दिवस गल्लीत तोच विषय होता. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "ह्यो धुराडा पुढच्या अंगाला का काढलाय रं?" पोरगं हसलं. पण नंतर ते मला जे बोललं, त्यामुळं हा लेख लिहायला बसलो. म्हणालं, "काका, आता शिये रोडला पाणी आलं तरी आपली गाडी थांबत नाही. पलीकडची वैरण आणायचं टेन्शन मिटलं."

हा समज एकट्या त्याचा नाही. मोबाईलवर पाण्यातून उसळत जाणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ बघून बऱ्याच जणांना असंच वाटतंय. पावसाळा तोंडावर आहे, म्हणून नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट, ते धुराडं नव्हे. त्यातून धूर बाहेर जात नाही, हवा आत येते. इंजिनाला डिझेलइतकीच हवा लागते, आणि साध्या गाडीत ही हवा बोनेटच्या आतून, हेडलाईटच्या आसपासच्या उंचीवरून ओढली जाते. तिथवर पाणी आलं की इंजिन हवेऐवजी पाणी पितं. स्नॉर्कलनं हवा ओढायचं तोंड टपाच्या उंचीवर नेलं, एवढंच. नाव आलंय पाणबुडीवरून. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या पाण्याखाली राहूनच नळीनं हवा घेत डिझेल इंजिन चालवायच्या, ती ही कल्पना.

आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. बऱ्याच ट्रॅक्टरच्या बोनेटवर जी वाटी दिसते, ती हवा ओढायचीच वाटी, आणि सायलेन्सरही उभा. म्हणून तर चिखलणीला ट्रॅक्टर गुडघाभर पाण्यात बिनधास्त फिरतो. उंचावरून हवा घ्यायचा दुसरा फायदा धुळीचा. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागं पाणंदीतून गाडी चालवणाऱ्याला माहीत आहे, फिल्टर किती दिवसांत भरतो ते. वरची हवा त्यामानानं स्वच्छ असते. माझं मत विचाराल तर आपल्या भागात वर्षातले आठ महिने स्नॉर्कलचा हाच खरा उपयोग.

पाणी आत गेलं तर काय होतं?

हवा दाबली की दबते, पाणी दबत नाही. सगळा घोळ इथं आहे. 2.2 लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन धरा. एका सिलिंडरला साधारण 550 मिलीलिटर जागा आली. पिस्टन वर येताना ही हवा दाबून सोळाव्या हिश्श्यावर आणतो, म्हणजे वर जागा उरते जेमतेम 35 मिलीलिटर. त्याहून जास्त पाणी शिरलं की पिस्टन वर जाऊच शकत नाही. अर्धा कटिंग चहासुद्धा नाही हे. पण खालून क्रँक ढकलतच असतो. मग मधला कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी तुटून ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. गॅरेजवाले याला 'इंजिन पाण्यानं लॉक झालं' म्हणतात.

मी स्वतः 2021 ला ही चूक केलीय. जुलैच्या पुरात माझी जुनी जीप मळ्यातल्या शेडमध्ये अडकली. पाणी बोनेटपर्यंत आलेलं, पत्र्यावर खूण दिसत होती. पाणी ओसरल्यावर गेलो आणि चावी फिरवली. बघावं चालू होतेय का, एवढाच विचार. 'टक्' असा एकच आवाज आला. इंजिन उघडल्यावर दोन रॉड वाकलेले. विम्याच्या माणसानं सांगितलं, पुरानं झालेलं नुकसान वेगळं आणि पाणी असताना चावी मारून झालेलं वेगळं. दुसरं तुमच्या पॉलिसीत बसत नाही. तेव्हा चडफडलो, पण पॉलिसीत ते लिहिलेलंच होतं. म्हणून सांगतो, गाडी पाण्यात बंद पडली किंवा उभ्या गाडीत पाणी गेलं, तर चावीला हात लावू नका. बॅटरीची वायर काढा आणि ओढून न्या.

बसवताना कुठं चुकतं?

नदीवर मोटार असणाऱ्याला हा भाग लगेच कळेल. सक्शन पाईपला सुईएवढं भोक असलं तर पंप हवा धरतो आणि पाणी उचलत नाही. स्नॉर्कलचं तेच, फक्त उलट. वरून टपापर्यंत कितीही भारी नळी लावा, खाली बोनेटमधल्या एखाद्या जोडात फट राहिली तर इंजिन त्या फटीतून पाणी ओढणार. म्हणजे बाहेरून दिसतं त्या नळीपेक्षा न दिसणारे जोड महत्त्वाचे.

काम असं चालतं. किटसोबत कागदी साचा येतो, तो मडगार्डच्या पत्र्यावर चिकटवून खुणा करतात. आतल्या बाजूला वायरिंग काय आहे ते आधी बघायचं, मगच मोठ्या गोल कटरनं भोक पाडायचं. एकदा पत्रा कापला की परत येत नाही, त्यामुळं दोनदा मापलेलं बरं. कापलेली कड घासून त्यावर गंज न धरणारा प्रायमर मारलाच पाहिजे. आपल्याकडच्या पावसात उघडी कड दोन वर्षांत सडते. मग नळीचं खालचं तोंड एअर फिल्टरच्या डब्याला जोडायचं, दोन्हीकडं पट्टीचे क्लॅम्प आणि सीलंट. एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाला साचलेलं पाणी निघून जायला छोटं भोक किंवा रबरी झडप असते. बरेच फिटर ती विसरतात. वरची नळी टपावर आणि खालचं भोक उघडं, मग काय उपयोग?

आपल्याकडं जुगाडही चालतो. मळ्यातला पीव्हीसी पाईप, दोन एल्बो आणि सोल्युशन, झालं स्नॉर्कल. दोन अडचणी आहेत. इंजिनाच्या उष्णतेनं पीव्हीसी मऊ पडतो आणि जोड सुटतात. दुसरं, पाईपचं आतलं माप कंपनीच्या नळीपेक्षा लहान असलं किंवा एल्बो जास्त झाले, तर इंजिनाला श्वास पुरत नाही. चढाला गाडी दमते, धूर काळा येतो. नव्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सरही असतो. तो जागचा हलवला तर डॅशबोर्डवर इंजिनाची लाईट लागते.

गाडी ताब्यात घेताना गॅरेजसमोरच एक परीक्षा करा. गाडी साध्या आयडलिंगवर ठेवा, रेस करू नका. नळीच्या वरच्या तोंडावर जाड रबराचा सपाट तुकडा दाबून धरा. जोड पक्के असतील तर काही सेकंदांत इंजिन गुदमरून बंद पडतं. चालूच राहिलं तर कुठूनतरी दुसरीकडून हवा येतेय. पैसे द्यायच्या आधी ती फट शोधायला लावा. आमच्या पोराची गाडी या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाली होती, क्लॅम्प ढिला निघाला.

इंजिनाशिवाय बाकीच्या गोष्टीही श्वास घेतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. मागचा-पुढचा डिफरन्शियल, गिअरबॉक्स, फोर बाय फोरचा ट्रान्सफर केस, प्रत्येकाला बारीक श्वासनळी असते. चालून तापलेला डिफरन्शियल गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ती नळी पाणी ओढून घेते. या नळ्यांना रबरी पाईप जोडून बोनेटमध्ये उंच आणाव्या लागतात. खर्च किरकोळ, पण दिसायला काही नसतं म्हणून कुणी करत नाही.

कंपनी काय सांगते ते बघा

आता मूळ मुद्दा. फोर्स कंपनीच्या गुरखाला स्नॉर्कल कारखान्यातूनच येतं, तोंड टपापाशी. मग कंपनी किती खोल पाण्यात जायला सांगते? 700 मिलीमीटर. म्हणजे सव्वादोन फुटांच्या किंचित वर. स्नॉर्कल नसलेल्या नव्या थारला महिंद्रा सांगते 650 मिलीमीटर. फरक दोन इंचांचा! नळी टपापर्यंत आहे म्हणून टपापर्यंत पाणी चालतं, असं स्नॉर्कल लावून गाडी विकणारी कंपनीसुद्धा म्हणत नाही.

कारण सव्वादोन फुटांच्या वर अडचण इंजिनाच्या श्वासाची राहत नाही. पंख्याची पाती पाण्यात वाकून रेडिएटरला लागतात, अल्टरनेटर आणि फ्यूज बॉक्स भिजतो, दारातून पाणी आत येतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गाडी तरंगायला लागते.

पुरात काहिलीत बसून माणसं पलीकडं नेलेली आपल्याकडं जुन्यांनी बघितलीत. गूळ करायची लोखंडी काहील एवढी जड, पण पोकळ असल्यानं तरंगते. गाडीही पोकळच आहे. ढोबळ हिशोब करू. चार मीटर लांब, पावणेदोन मीटर रुंद गाडीचा तळ एक फूट पाण्यात बुडाला, तर जवळजवळ दोन टन पाणी बाजूला सारलं जातं. चाकांची मोकळी जागा आणि बोनेटमध्ये शिरलेलं पाणी वजा केलं तरी गाडीला टनभराहून जास्त उचल मिळते. गाडीचं वजन पावणेदोन टनांच्या आसपास. म्हणजे टायरवर जोर किती उरला? अशा वेळी कडेनं पाण्याची ओढ लागली की फोर बाय फोर असो नाहीतर आणखी काही, टायर रस्ता सोडतात. ओढीचा वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. यात स्नॉर्कल काहीच करत नाही. इंजिन चालू राहतं आणि गाडी वाहत जाते.

पंचगंगेची पातळी आपण राजाराम बंधाऱ्यावरच्या फुटांत ऐकतो. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये ती 55 फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ हायवेसुद्धा बंद पडला. पण हे आकडे बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचे. शिये रोडवर किंवा वडणग्याच्या बाजूला रस्त्यावर किती पाणी आहे, हे त्यावरून कळत नाही. शिवाय राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी चढलं की आपोआप उघडतात. सकाळी वैरण आणायला गेलात तेव्हा असलेलं पाणी परतीला तेवढंच असेल असं समजू नका. पसरलेलं पाणी वरून शांत दिसतं, ओढ असते ती मोरीपाशी, आणि साईडपट्टी तिथंच तुटलेली असते. महाडला 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्या नदीत गेल्या. अंधारात पुढं पूल नाही हे दिसलंच नाही.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसी बुकातल्या नोंदीशी आणि कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. गुरखाचं स्नॉर्कल कंपनीचंच असल्यानं तो प्रश्न येत नाही. बाहेरून बसवणार असाल तर पत्रा कापायच्या आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. इंजिनाच्या संरक्षणाचं वेगळं कव्हर मिळतं. नदीकाठच्यांनी ते घेतलेलं बरं, पण त्यातल्या अटी वाचून.

आता साचलेल्या, ओढ नसलेल्या, गुडघ्याच्या खालच्या पाण्यातून जायचंच असेल तर लो गिअर टाका, एका लयीत हळू चला, मध्ये क्लच दाबू नका. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत थोडं अंतर जा, म्हणजे ते सुकतील. दुसऱ्या दिवशी इंजिन, गिअरबॉक्स आणि दोन्ही डिफरन्शियलचं तेल बघा. ताकासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी शिरलंय. ते काढून नवीन भरल्याशिवाय गाडी हलवू नका. चाकांचे बेअरिंगही गॅरेजला दाखवून घ्या.

आमच्या पोरानं श्वासनळ्या उंच करून घेतल्यात. जूनच्या शेवटी पलीकडची वैरण आधीच कापून अलीकडं गंजी लावायची, असं आमचं दोघांचं ठरलंय. ती ओढायला थारपेक्षा माझा ट्रॅक्टर स्वस्त पडतो.