एफ-१ विद्यार्थी व्हिसावरून ईबी-५ कडे : अमेरिकेतली वाट

● पर्याय : ई-२ हा गुंतवणूकदार व्हिसा भारतीय नागरिकांना मिळत नाही, कारण भारताशी तसा करार नाही. उरतो ईबी-५, म्हणजे ग्रीन कार्डचाच मार्ग.
● रक्कम (२०२२चा कायदा) : १०,५०,००० डॉलर, ग्रामीण किंवा जास्त बेरोजगारीच्या भागात ८,००,०००.
● अट : किमान १० पूर्णवेळ नोकऱ्यांची निर्मिती.
● पैसा : आईवडिलांनी बक्षीस दिलेला चालतो, पण वैध कमाईचे पुरावे हवेत. भारतातून परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत माणशी मर्यादा वर्षाला २,५०,००० डॉलर.
● मुदत : पहिले ग्रीन कार्ड २ वर्षांचे, सशर्त.
● जपा : ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असताना प्रवासाच्या पूर्वपरवानगीशिवाय अमेरिका सोडल्यास तो सोडून दिल्याचे धरतात. मुद्दल परतीची हमी देणाऱ्या दलालापासून दूरच राहा. गुंतवणुकीत जोखीम असणे ही कायद्याचीच अट आहे.