चित्रांच्या भेटीला

चित्रकाराने चित्र पूर्ण केले, तरी ते कोणी पाहीपर्यंत त्याचे सार्थक होत नाही. लोकांनी चित्रे पाहावीत, त्यांविषयी आपसांत बोलावे, यासाठी प्रदर्शने भरवितात. मुंबईचे जहांगीर कलादालन १९५२ साली सुरू झाले. तेथे चित्रांची व शिल्पांची प्रदर्शने सतत भरत असतात. परंतु अकोल्याहून मुंबई रेल्वेने सुमारे ५८० किलोमीटर दूर; अमरावती त्याहूनही दूर. केवळ चित्रे पाहण्यासाठी एवढा प्रवास वऱ्हाडातील किती मुलांना घडणार?

२०२० साली कोरोनाची साथ आली आणि कलादालनांची दारे शहरवासीयांनाही बंद झाली. तेव्हा दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाने राजा रविवर्मा यांची चित्रे संगणकाच्या पडद्यावर पाहण्याची सोय केली. अशा प्रदर्शनास आभासी प्रदर्शन म्हणतात. काही संग्रहालये यासाठी चित्राची तुकड्यातुकड्यांनी सूक्ष्म छायाचित्रे घेतात व ती संगणकावर बेमालूम जोडतात. मग पाहणाऱ्यास हवा तो भाग मोठा करता येतो. दालनात लांबून न दिसणारा वस्त्रावरील जरीचा धागाही स्पष्ट दिसतो. येथे अंतराचा प्रश्नच उरत नाही. अकोटचा विद्यार्थी आणि मुंबईचा विद्यार्थी चित्राच्या सारखेच जवळ असतात.

मग प्रत्यक्ष चित्र पाहण्याची गरज उरली आहे काय?

याचे उत्तर विदर्भातच जन्मलेल्या एका थोर चित्रकाराच्या कामातून मिळते. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपूर येथे झाला. त्यांच्या प्रसिद्ध चित्रांत माणसे, झाडे किंवा घरे नाहीत. आहे तो केवळ रंग आणि प्रकाश. ते रूळ आणि सुरी वापरून रंगाचे थर एकावर एक चढवीत आणि काही ठिकाणी रंग काढून घेत. त्यामुळे वरच्या थरातून खालचा रंग हळूच डोकावतो. मोबाइलच्या पडद्यावर हे चित्र रंगाच्या सपाट डागासारखे भासते. चित्रासमोर उभे राहून दोन पावले सरकले, म्हणजे प्रकाश बदलतो आणि खालचे थर जागे होतात. २०१४ साली न्यूयॉर्क येथील गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. ती चित्रे दूरदूरहून तेथे नेली, ती याच प्रत्यक्ष भेटीसाठी.

पडदा आणखी एक गोष्ट लपवितो. हातभर चित्र आणि भिंतभर चित्र ही दोन्ही तेथे तळहाताएवढीच होतात. भव्यता म्हणजे काय, हे तळहातावर कळत नाही.

तरीही प्रतिमेला तुच्छ लेखू नये. वऱ्हाडच्या सीमेपलीकडे, बुलढाण्यापासून जवळच, अजिंठ्याची लेणी आहेत. तेथील भित्तिचित्रे भिंतीवरून हलविता येत नाहीत. म्हणून रॉबर्ट गिल यांनी १८४४ सालापासून त्यांच्या नकला काढण्यास आरंभ केला. त्या लंडनमध्ये मांडल्या असता १८६६ च्या आगीत बहुतेक जळून गेल्या. पुढे १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांसह पुन्हा नकला केल्या. त्यांपैकीही बऱ्याच १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. परंतु ज्या उरल्या, त्या आज मोलाच्या आहेत. कारण मधल्या काळात मूळ चित्रांचे काही भाग पुसट झाले. प्रखर प्रकाशाने आणि दमट हवेने जुने रंग झिजतात. म्हणजे मूळ चित्र खरे असले, तरी ते नाजूक आहे. आणि प्रतिमा उणी असली, तरी ती आठवण जपते.

तेव्हा पडद्याला दाराची उपमा शोभेल. दारातून आतले दिसते, पण दार म्हणजे घर नव्हे. पडद्यावर चित्र पाहून 'आपण ते पाहिले' असे समजणारा दारातूनच परत फिरतो. एक साधा प्रयोग करावा. जाड कागदावर रंगाचे तीन-चार दाट थर द्यावे, ते वाळल्यावर त्याचे छायाचित्र घ्यावे आणि दोन्ही शेजारी ठेवून खिडकीजवळ फिरवून पाहावीत. कोणते बदलते आणि कोणते जसेच्या तसे राहते, हे डोळेच सांगतील.

आणि प्रत्यक्ष पाहण्यासाठी नेहमी मुंबईलाच जावे लागते असे नाही. नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाज्यावरील कोरीवकाम अकोला जिल्ह्यातच आहे. दर्यापूर तालुक्यातील लासूरचे काळ्या पाषाणाचे आनंदेश्वर मंदिर अमरावती जिल्ह्यात आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात त्या दगडांवरील प्रत्येक रेषा उठून दिसते. दुपारी ती मावळते. तेथे जाणारे डोळे असले, तरच त्या दगडांची कोणी काळजी घेईल. दूरची कला पडद्यावर अवश्य पाहावी. परंतु जवळची कला पाहण्यास आपल्या पायांनी जावे.