गिअरचे ऑइल केव्हा बदलावे? पोटाच्या गाडीचा एक दुर्लक्षित हिशेब

आपल्या वस्त्यांतून आज कितीतरी कुटुंबांचा चरितार्थ चाकांवर चालतो. कोणी टॅक्सी चालवतो, कोणी शाळेच्या मुलांची व्हॅन, कोणी भाजी मार्केटचा टेम्पो, तर कोणी कर्ज काढून घेतलेली मोटार मोबाईलवरून भाडे देणाऱ्या कंपनीकडे लावतो. घरचे रेशन, मुलांच्या फिया आणि बँकेचा हप्ता या एका गाडीवर अवलंबून असतात. इंजिनचे ऑइल वेळेवर बदलायचे हे आता सर्वांच्या अंगवळणी पडले आहे. परंतु गिअरबॉक्समध्येही ऑइल असते आणि तेही जुने होते, याची आठवण मात्र गिअरबॉक्स ओरडू लागल्यावरच येते. तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

आम्ही मेस्त्री नव्हे. आम्ही हिशेब मांडणारे. मात्र हा प्रश्न निम्मा पान्याचा असला तरी निम्मा हिशेबाचाच आहे. म्हणून तो बंधू-भगिनींपुढे सविस्तर मांडत आहोत.

ऑइल जुने का होते?

इंजिनच्या ऑइलात पेट्रोल-डिझेलच्या ज्वलनाची काजळी मिसळते, म्हणून ते लवकर काळे पडते. गिअरबॉक्समध्ये काही जळत नाही, त्यामुळे तेथील ऑइल पुष्कळ जास्त टिकते. परंतु टिकते म्हणजे अमर राहते असे नव्हे. गिअरचे दाते एकमेकांवर घासून लोखंडाचा बारीक कीस ऑइलात उतरतो. दात्यांचे रक्षण करण्यासाठी ऑइलात घातलेली रसायने हळूहळू संपतात. उष्णतेने ऑइलाचा गुणधर्म बिघडतो. ऑइल जेवढे तापेल तेवढे लवकर म्हातारे होते. तापमान साधारण दहा अंशांनी वाढले की खराब होण्याचा वेग दुप्पट होतो, असा जाणकारांचा ढोबळ नियम आहे.

हाताने गिअर टाकायच्या गाडीत हे ऑइल वंगणाचे आणि थंडाव्याचे काम करते. ऑटोमॅटिक गाडीत मात्र त्याच्यावर कामाचा बोजा फार मोठा असतो. इंजिनची ताकद चाकांकडे ऑइलातूनच पोहोचते, ऑइलाच्याच दाबाने आतील क्लच दाबले जातात आणि त्या क्लचची पकडही ऑइलाच्या गुणावर ठरते. त्यामुळे ऑटोमॅटिक गाडीत ऑइलाची हयगय जास्त महाग पडते.

पुस्तकातला आकडा आणि आपली गाडी

प्रत्येक गाडीसोबत कंपनीचे पुस्तक येते. ऑइल केव्हा बदलायचे हे त्यात किलोमीटर आणि वर्षे अशा दोन्ही मापांत दिलेले असते. त्यांपैकी जे आधी येईल ते धरायचे. हाताच्या गिअरच्या अनेक गाड्यांना चाळीस हजारांपासून लाखभर किलोमीटरपर्यंतचे निरनिराळे आकडे दिलेले आढळतात. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये. पुस्तक हरवले असेल तर त्याच मॉडेलचे पुस्तक मिळवून पाहावे.

येथे एक मेख आहे. बहुतेक पुस्तकांत दोन हिशेब असतात. एक साध्या वापराचा आणि दुसरा कठीण वापराचा. कठीण वापर म्हणजे काय? थांबत-थांबत चालणारी वाहतूक, कडक ऊन, धूळ, घाट, जड ओझे, आणि टॅक्सीसारखा व्यवसाय. आपल्या लोकांच्या बहुतेक गाड्या कोणत्या रकान्यात बसतात, हे वेगळे सांगायला नको. कठीण वापराला पुस्तकात मुदत कमी दिलेली असते आणि तीच आपली खरी मुदत होय.

उदाहरणादाखल, एक गाडी रोज दीडशे किलोमीटर आणि महिन्यात पंचवीस दिवस चालते असे धरा. वर्षाला पंचेचाळीस हजार किलोमीटर झाले. म्हणजे चाळीस हजारांची मुदत वर्ष पुरे होण्याआधीच संपली. दुसरी घरगुती गाडी महिन्याला पाचशे किलोमीटर चालते. तिला तोच आकडा गाठायला साडेसहा वर्षांहून अधिक लागतील, म्हणून तिच्या बाबतीत वर्षांची मुदत पाहावी.

शिवाय मीटर सगळेच सांगत नाही. दीडशे किलोमीटर हायवेवर तीन तासांत होतात. तेच शहरातल्या गर्दीत ताशी पंधराच्या वेगाने दहा तास घेतात. मीटर दोघांनाही दीडशेच दाखवतो, पण ऑइल मात्र तिप्पट वेळ राबलेले असते. ऑटोमॅटिक गाडी सिग्नलला गिअरमध्ये उभी असली तरी आतील ऑइल घुसळत आणि तापत राहते.

'आयुष्यभर पुरेल' म्हणजे किती?

आमच्या परिचयाच्या एका घरात यावरून बापलेकांचा वाद रंगला होता. वडिलांनी उमेदीची सगळी वर्षे पद्मिनी टॅक्सी चालवली. मुंबईच्या रस्त्यांवरून या टॅक्सींनी २०२३ साली निरोप घेतला. मुलाने आता जुन्या बाजारातून ऑटोमॅटिक मोटार घेतली आहे.

वडील म्हणाले, "अरे, आधी गिअरचं ऑइल बघून घे. मागच्या मालकानं काय केलंय, आपल्याला काय ठाऊक?"

मुलगा म्हणाला, "बाबा, तुमची गाडी वेगळी होती. हिच्यात कंपनीनं आयुष्यभराचं ऑइल भरलंय. काढायचंच नसतं ते."

"आयुष्यभराचं? कुणाच्या आयुष्यभराचं? गाडीच्या, का तुझ्या हप्त्यांच्या?"

वडिलांचा प्रश्न बिनतोड आहे. काही कंपन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील ऑइल आयुष्यभर पुरेल असे म्हणतात. परंतु अनेक मोटार कंपन्यांना गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ ही कंपनी स्वतःच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान, किंवा फार तर आठ वर्षांत, बदलावे असे सांगते. गिअरबॉक्स बनवणाराच बदला म्हणत असेल, तर विकणाऱ्याच्या शब्दावर किती विसंबावे? पहिल्या मालकाला पाच-सात वर्षांत गाडी विकून टाकायची असते. आपल्यासारख्यांच्या हाती ती त्यानंतर येते आणि पुढची दहा वर्षे तिलाच पोट भरायचे असते.

जुन्या गाडीचा मीटर मागे फिरवलेलाही असू शकतो. म्हणून जुनी गाडी घेताना ऑइल बदलल्याचे बिल दाखवले नाही, तर ते बदललेले नाही असेच समजावे. गिअर व्यवस्थित पडत असतील तर एकदा योग्य ऑइल भरावे आणि त्या दिवसापासून आपली मोजणी शून्यावर सुरू करावी.

ऑइल स्वतः काय सांगते

मुदत झाली नसली तरी वर्षातून एकदा ऑइल पाहून घ्यावे. थोडे ऑइल पांढऱ्या कागदावर किंवा फडक्यावर घ्या. ऑटोमॅटिकचे नवे ऑइल बहुधा कोकम सरबतासारखे लाल असते. वापराने ते तपकिरी होते. केवळ रंग बदलला म्हणून घाबरू नये, पण काळे पडून करपल्याचा वास येत असेल तर आत क्लच जळत आहेत असे समजावे. ऑइल चहासारखे दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. मग किलोमीटर मोजत बसू नये; ते लगेच काढावे आणि पाणी कोठून आले तेही शोधावे.

अनेक गाड्यांत ऑइल काढायच्या बोल्टला चुंबक असते. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज होय. बोटाला टोचणारे तुकडे किंवा कपच्या निघाल्या तर नुसते ऑइल बदलून भागणार नाही. गिअरबॉक्स उघडून पाहावाच लागेल.

गिअर पडताना कुरकुर होणे, सकाळी पहिला गिअर अडणे, गाडी चालताना घरघर येणे, ऑटोमॅटिकमध्ये झटका बसणे किंवा इंजिन ओरडूनही गाडी पुढे न सरकणे, ही आजाराची लक्षणे आहेत. गाडीखाली जमिनीवर ऑइलाचे डाग दिसले तर आधी सील तपासावे. ऑइल कमी होते याचा अर्थ ते कोठून तरी गळते.

पुराच्या पाण्यातून गाडी गेली तर

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. एवढा पूर नेहमी येत नाही, पण गुडघाभर पाणी दर पावसाळ्यात कोठे ना कोठे साचते. गिअरबॉक्सला हवा खेळण्यासाठी एक बारीक नळी असते. तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात शिरला की आतील हवा आकसते आणि नळी पाण्याखाली असेल तर पाणी आत ओढले जाते. म्हणून अशा पाण्यातून गाडी काढल्यास इंजिनबरोबर गिअरचे ऑइलही तपासून घ्यावे.

कोणते ऑइल आणि कसे?

चुकीचे ऑइल घालण्यापेक्षा चार दिवस थांबणे बरे. हाताच्या गिअरच्या ऑइलावर ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९० असा दाटपणाचा आकडा आणि जीएल-४ किंवा जीएल-५ असा दर्जा लिहिलेला असतो. जीएल-५ म्हणजे वरचा वर्ग, म्हणून अधिक चांगले, असा समज चुकीचा आहे. ज्या गाडीला जीएल-४ सांगितले आहे तिच्यातील पितळी भागांना काही जीएल-५ ऑइलांतील रसायने बाधू शकतात. ऑटोमॅटिकमध्ये तर ज्या नावाचे ऑइल सांगितले तेच घालावे. सीव्हीटी प्रकारच्या गिअरबॉक्समध्ये साधे ऑटोमॅटिकचे ऑइल घालू नये. एएमटी म्हणजे मूळचा हाताचाच गिअरबॉक्स; त्याला हाताच्या गिअरचे ऑइल लागते आणि क्लच-गिअर हलवणाऱ्या यंत्रणेचे ऑइल वेगळे असते.

काम करून घेताना समोर उभे राहावे. गाडी सपाट जागी असावी. ऑइल भरायचा बोल्ट आधी सैल करावा आणि मगच काढायचा बोल्ट उघडावा; भरायचा बोल्ट अडकून बसला तर रिकामी गाडी तेथेच उभी राहील. वायसर नवा घालावा. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. काढलेले ऑइल नाल्यात ओतू नये. ते घातक कचऱ्यात मोडते. गॅरेजमार्फत ते पुनर्वापर करणाऱ्या परवानाधारकाकडेच जाऊ द्यावे.

ऑटोमॅटिकमध्ये बोल्ट काढल्यावर सगळे ऑइल निघत नाही. समजा निम्मे निघाले. पहिल्या वेळी रुपयात आठ आणे ऑइल नवे झाले. काही दिवसांनी पुन्हा केले तर बारा आणे, आणि तिसऱ्यांदा चौदा आणे. फार जुन्या गिअरबॉक्सला यंत्राच्या दाबाने धुण्यापेक्षा असे टप्प्याटप्प्याने बदलणे अनेक मेस्त्री पसंत करतात.

"जुने ऑइल बदलले की गिअरबॉक्स बसतो," असेही ऐकू येते. बहुतेक लोक गिअर निसटू लागल्यावरच ऑइल बदलतात. तोवर क्लच झिजून गेलेले असतात. गिअरबॉक्स त्या झिजेने बसतो आणि बोल मात्र नव्या ऑइलाला लागतो. झिजलेला क्लच नव्या ऑइलाने बरा होत नाही. म्हणूनच ऑइल बदलायचे ते गाडी निरोगी असताना.

शेवटी हिशेब

समजा हाताच्या गिअरचे ऑइल आणि मजुरी मिळून दोन हजार रुपये झाले आणि ते चाळीस हजार किलोमीटर चालले. किलोमीटरला पाच पैसे पडले. ऑटोमॅटिकला आठ हजार धरले आणि साठ हजार किलोमीटर चालवले, तर सव्वातेरा पैशांच्या आसपास. आता दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च आपल्या गॅरेजला विचारून लिहा. त्यात गाडी उभी राहील तेवढ्या दिवसांची बुडालेली कमाई मिळवा, आणि त्या महिन्याचा हप्ताही लिहा, कारण बँक गाडी उभी आहे म्हणून थांबत नाही. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की निर्णय आपोआप होतो.

याचा अर्थ गॅरेजवाला दर सर्व्हिसला बदला म्हणेल तर मान डोलवावी असाही नाही. पुस्तकातली मुदत दाखवा आणि ऑइल पाहून मगच ठरवा.

बहुतेक घरांत खर्चाची वही भगिनी किंवा शिकणारी मुलगीच ठेवते. तिच्या वहीत गाडीसाठी एक पान राखून ठेवा. तारीख, मीटरचा आकडा, ऑइलाचे नाव, बिल आणि पुढची मुदत, एवढे पाच रकाने पुरेत. बिले त्याच पानाला टाचून ठेवा. वॉरंटीचा वाद झाला किंवा पुढे गाडी विकायची वेळ आली तर तीच कामी येतील. हे पान आज रात्रीच आखा, आणि उद्या सकाळी गाडी काढण्यापूर्वी मीटरचा आकडा त्यात लिहा.