बाटली आणि तीन रबरबँड

गोरेगावकरांनो, आपल्या मृणालताई गोरे 'पाणीवाली बाई' म्हणून ओळखल्या जायच्या. सामान्यांच्या नळाला पाणी यावं म्हणून त्या भांडल्या. आणि मी? नळाला पाणी असून दिवसाला जेमतेम लिटरभर पीत होतो! लोकलमध्ये अडचण नको म्हणून सकाळी पाणीच टाळायचो. (बायकांना विचारा, त्यांचं हे रोजचंच.)

मग पाणी वाढवायचं ठरवलं. ते मोजायचं ॲप घेतलं, पण दोन दिवसांत काढून टाकलं. आता पाऊण लिटरची स्टीलची बाटली, तिच्या गळ्याला तीन रबरबँड. बाटली संपली की एक रबरबँड खाली सरकवायचा. तिन्ही खाली, म्हणजे सव्वादोन लिटर.

अमेरिकेतल्या २००४ च्या शिफारशीत दिवसाला पुरुषांना ३.७ आणि स्त्रियांना २.७ लिटर म्हटलंय, पण त्यात चहा, ताक, वरण, कलिंगड सगळं आलं. साधारण पाचवा हिस्सा खाण्यातूनच मिळतो. त्यामुळे 'रोज आठ ग्लास पाणी' ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही. आरे कॉलनीत पळायला गेलात, ऑक्टोबर हीट असली, तर वाढवा. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद दिसली की बाटली उचला. किडनी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांनाच विचारावं.

तुमची बाटली किती मिलीची? बहुतेक तळाशी छापलेलं असतं, आज बघून घ्या.