शिकून घेतलेला आनंद

नव्या करारातले फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र ही एका अर्थाने पैसे पोचल्याची पावती आहे. पौल कैदेत होता. मासेदोनियातल्या फिलिप्पै गावच्या मंडळीने त्याच्यासाठी वर्गणी काढली आणि एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर पाठवून दिली. रोमन काळात कैद्याला जेवूखाऊ घालायची जबाबदारी सरकार फारशी मनावर घेत नसे. बाहेरून कुणी आणले तर खायचे, नाहीतर हाल. म्हणजे ही मदत पौलाच्या पोटाशी निगडित होती. ती घेऊन आलेला एपफ्रदीतच मरणाच्या दारात जाऊन आला. तो बरा झाल्यावर पौलाने त्याला गावी परत पाठवले आणि त्याच्या हाती हे पत्र दिले.

चार लहानशा अध्यायांच्या या पत्रात आनंदाचा उल्लेख डझनाहून अधिक वेळा येतो. पत्राच्या शेवटाकडे, मदतीचे आभार मानता मानता, पौल सांगतो की भरल्या ताटाशी आणि रिकाम्या पोटी, दोन्हीकडे समाधानाने राहायला आपण शिकलो आहोत. हे आपल्याला उपजत आले असे तो म्हणत नाही. शिकलो म्हणतो. शिवाय त्याच पत्रात एपफ्रदीत गेला असता तर दुःखावर दुःख झाले असते, ही कबुली आहे. आपल्याला डिवचायला म्हणून मुद्दाम उपदेश करत फिरणाऱ्यांची तक्रार आहे, आणि मंडळीतल्या युवदीया व सुंतुखे या दोन बायकांनी आता भांडण मिटवावे अशी विनवणीही आहे. एकंदरीत, सदा हसतमुख माणसाचे हे पत्र नव्हे.

एवढे सविस्तर सांगायचे कारण असे की हे पत्र नको तिथे फार वापरले जाते. घरात माती झालेली असते, नोकरी गेलेली असते, आणि सांत्वनाला आलेले कुणीतरी खुर्चीत नीट टेकून ‘सर्वदा आनंद करावा’ असे ऐकवून चहा पिऊन जाते. वाक्य खरे असेल. पण ते कैद्याने लिहिले आहे, जेलरने नव्हे. ख्रिस्ती समाधान म्हणजे काय हे पाहायचे तर ज्यांनी ते स्वतः भोगून शिकून घेतले त्यांच्याकडे जावे. मराठीत अशी माणसे आहेत, आणि त्यांनी आपला हिशेब लिहूनही ठेवला आहे.

पंडिता रमाबाई त्यांतल्या पहिल्या. १८५८ सालचा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले, हा त्या काळी मोठा गुन्हा. मग आईने लेकीला. तीर्थे करत, पुराणे सांगत हे कुटुंब देशभर फिरले. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आधी वडील, मग आई, मग मोठी बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे पायी चालत राहिली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हते, तेव्हा वाळूत कबरीसारखे दोन खड्डे खणून, डोके तेवढे बाहेर ठेवून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्र काढल्याचे रमाबाईंनीच लिहिले आहे. पुढे कलकत्त्याने ‘पंडिता’ ही पदवी दिली. १८८०मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झाले आणि दोन वर्षे पुरी व्हायच्या आत तेही पटकीने गेले. चोविशीही न गाठलेली विधवा आणि मांडीवर मनोरमा.

१८८३मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेजच्या मठात राहत असताना त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. चरित्रे लिहिणारे इथे घाईने पुढचे पान उलटतात: दुःख संपले, प्रकाश दिसला. रमाबाई स्वतः तसे म्हणत नाहीत. पुढे लिहिलेल्या आपल्या ‘साक्षी’त त्या स्पष्ट सांगतात की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता, मनाला शांती लाभली ती १८९१च्या सुमारास. मधली आठ वर्षे वादात गेली. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीनशी त्या पत्रांतून कडाडून भांडल्या. चर्चचे अधिकारी सांगतील ते मुकाट्याने मानायला तयार नव्हत्या. अंडे घातलेले पदार्थसुद्धा खायला तयार नव्हत्या. मला ही आठ वर्षे फार मोलाची वाटतात. बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर समाधान अंगावर ओतले जात नाही, हे इतक्या रोखठोकपणे सांगणारी साक्ष विरळा.

आणि शांती लाभल्यावरही त्या गप्प बसल्या नाहीत. ‘आहे त्यात सुख मान’ या अर्थाचे समाधान त्यांना कधीच मान्य नव्हते. १८८९मध्ये रमाबाईंनी विधवा आणि मुलींसाठी मुंबईत सुरू केलेले आणि पुढच्याच वर्षी पुण्याला हलवलेले शारदा सदन १८९३मध्ये धर्मांतराच्या वादात सापडले. सल्लागार मंडळातल्या रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतले, पालकांनी मुली काढून नेल्या. १८९७मध्ये पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात बायकांची हेळसांड होते असे रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या मिशनरी पत्रात उघडपणे लिहिले. गोऱ्या देणगीदारांच्या पैशावर संस्था चालवणारी बाई गोऱ्या सरकारवर तोफ डागते, हे सरकारला रुचले नाही. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. बाईंनी शब्द मागे घेतले नाहीत.

याच सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला होता. एकेकाळी उपासमारीत आईबाप गमावलेल्या रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन परतल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात इतक्या जणींना ठेवता येईना, म्हणून पुणे-सोलापूर रेल्वेवर केडगावला घेतलेल्या माळावर त्यांनी छपरे उभारली. तिथे मुक्ती सदन आकाराला आले. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर माणसे दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या, बागा लावल्या, माग आले, तेलघाणी आली, गोठे झाले. अंध मुलींना ब्रेल शिकवली जाई. येणाऱ्या पोरींची अवस्था काय असे, हे दुष्काळाची छायाचित्रे पाहिलेल्यांना सांगायला नको. त्यांना कुणी ‘आनंद करा’ म्हटले नाही. आधी पेज दिली, मग काम दिले, मग अक्षर दिले. ह्या क्रमातच मला रमाबाईंचे सगळे धर्मशास्त्र दिसते.

आनंद आला तो १९०५मध्ये, आणि आला तो भलत्याच रूपात. मुक्तीतल्या मुली प्रार्थनेला बसल्या की मोठमोठ्याने रडू लागत, आपले अपराध सांगत, आणि रडून झाल्यावर टाळ्या पिटत, गात, नाचत. शिस्तीत डोळे मिटून उपासना करणाऱ्या काही मिशनऱ्यांना हा प्रकार पसंत पडला नाही. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. आमच्या बायका आमच्या पद्धतीने रडतील आणि हसतील, त्याला विलायती चौकट कशाला, असा त्यांचा रोख होता. भजनात देहभान विसरणारी माणसे पाहिलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटू नये.

केडगावचा छापखाना हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तेव्हाचे मराठी बायबल संस्कृतप्रचुर. नुकती अक्षरओळख झालेल्या बाईला ते झेपत नसे. रमाबाईंनी उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतली आणि साध्या मराठीत अख्खे बायबल नव्याने भाषांतरित करायला घेतले. छापायचे कामही मुक्तीतल्या मुलींनीच केले. जुन्या पद्धतीची जुळणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना कल्पना येईल: शिशाचा एकेक खिळा उचलायचा, तोही उलट्या अक्षराचा, काना-मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे यांमुळे देवनागरीच्या केसमध्ये इंग्रजीच्या कित्येक पट घरे. ओळ जुळवायची, पान बांधायचे, मुद्रित काढायचे, चुका दुरुस्त करायच्या, छपाई झाली की खिळे पुन्हा आपापल्या घरात टाकायचे. दुष्काळात पालापाचोळा खाऊन तगलेल्या मुलींच्या बोटांना या कामाने वळण लावले. दुःख विसरायला लावणारे काम म्हणून मी हे सांगत नाही. दुःख विसरत नसतेच. पण पान चुकले तर उद्या पुन्हा जुळवता येते, एवढा भरवसा ज्याच्या आयुष्यात कधी नव्हता त्याला तो मिळणे ही लहान गोष्ट नाही.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. चाळीस वर्षांची. मुक्तीचा पुढचा सगळा भार तिच्यावर सोपवायचा बेत होता. आई-वडील, बहीण, भाऊ, नवरा आणि शेवटी लेक: रमाबाईंच्या रक्ताचे, नात्याचे असे जवळचे कुणी उरले नाही. कानांनी ऐकू येणे तर कधीचेच कमी झाले होते. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या, तोवर बायबलाचे काम त्यांनी हातावेगळे करत आणले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४मध्ये बाहेर पडला.

रमाबाईंचा आनंद गंभीर चेहऱ्याचा होता. लक्ष्मीबाई टिळकांचा तसा नव्हता, आणि खरे सांगायचे तर तो मला अधिक जवळचा वाटतो. बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुवून घ्यायला लावणाऱ्या कडक सोवळ्याच्या बापाची ही लेक. नवरा कवी नारायण वामन टिळक: तापट, उधळा, मनस्वी, केव्हा उठून कुठे निघून जाईल याचा नेम नाही. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन पाच वर्षांच्या आसपास त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. मग नगरला आल्या. तिथेही सुरुवातीला चूल वेगळी, पाणी वेगळे. जातिभेद मनातून गेला तो ख्रिस्ती होण्याआधी, स्वतःच्या विचाराने. १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढचे दिवस सुखाचे होते म्हणावे तर हातात पैसा टिकत नव्हता. टिळक येईल ते वाटून टाकत, आणि घर दुसऱ्यांच्या पोरांनी भरलेले असे.

हे सगळे त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे, आणि गंमत अशी की ते वाचताना आपण पानोपानी हसतो. नवऱ्यावर रागावलेली बाई, नवऱ्यावर जीव टाकणारी बाई आणि स्वतःच्या फजितीवर खदखदून हसणारी बाई एकाच परिच्छेदात भेटतात. कुठेही ‘देवाची इच्छा’ असे म्हणून प्रसंगावर झाकण घातलेले नाही. टिळकांचे चुकले तिथे चुकले असे लिहिले आहे. क्षमा केली आहे, पण हिशेब खोडलेला नाही. मराठी ख्रिस्ती आनंदाचा याहून अस्सल नमुना मला ठाऊक नाही, आणि तो उपासनेच्या पुस्तकात न सापडता एका शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईच्या आत्मचरित्रात सापडावा, हे मला आवडते.

टिळकांच्या वाट्याला आलेले समाधान आणखी वेगळे. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. १९१७मध्ये मिशनची नोकरी त्यांनी सोडली, पगारावर पाणी सोडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला: बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या सगळ्यांसाठी. दोन वर्षांत, ९ मे १९१९ला, ते गेले. दरबार फार चालला नाही. टिळकांची पदे मात्र चालली. नगर-नाशिक-पुण्याच्या ख्रिस्ती देवळांतून पेटी-तबल्यावर अजूनही ती म्हटली जातात, लग्नात आणि मातीलाही.

टिळकांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतले होते, त्याचे दहा-अकराच अध्याय झाले होते. पन्नाशी ओलांडलेल्या लक्ष्मीबाईंनी ते काम अंगावर घेतले. साठाहून अधिक अध्याय लिहिले, मध्ये ‘स्मृतिचित्रे’ही लिहीत राहिल्या. १९३६च्या फेब्रुवारीत त्या वारल्या. ‘स्मृतिचित्रां’चा चौथा भाग त्यानंतर निघाला.