गाव बारमाही, बंदी गणपतीपुरती

मुंबई-गोवा महामार्ग आणि रत्नागिरीच्या मिऱ्याहून नागपूरकडे निघालेला महामार्ग हातखंब्याच्या तिठ्यावर भेटतात आणि पालीपर्यंत एकाच वाटेने जातात. तिठ्याच्या अलीकडे निवळीला जयगड बंदराकडचे ट्रेलर आणि टँकर महामार्गाला लागतात. त्यामुळे गोव्याची, कोल्हापूरची आणि बंदराची अवजड वाहतूक एकाच गावाच्या दारातून जाते. नकाशावर हा राष्ट्रीय महामार्ग ६६ असला, तरी हातखंब्याच्या माणसांसाठी तो गावातला रस्ता आहे. एसटीची वाट पाहायची ती इथेच, आणि दुकानात जायचं तर हाच ओलांडायचा.

२०२५च्या जुलैअखेरीस रात्रीच्या वेळी इथे एलपीजीचा टँकर उलटला. गॅस गळू लागला, महामार्ग बंद झाला आणि जवळपासच्या कुटुंबांना घरं सोडावी लागली. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये लांजा तालुक्यात अंजणारीच्या पुलावरून असाच टँकर काजळी नदीत कोसळला होता. त्यात चालकाचा जीव गेला. एलपीजी हवेपेक्षा जड असते. टाकीतून सुटलेला द्रव वायू होताना सुमारे अडीचशे पट फुगतो आणि उताराने सखल भागाकडे सरकतो. कोकणात सखल भाग म्हणजे वहाळ, विहीर, वाडी. अशा टँकरवर नारिंगी पट्टीत १०७५ हा आकडा असतो. तो एलपीजीची ओळख सांगतो. तिठ्यावरच्या प्रत्येक दुकानदाराला आणि शाळेतल्या मोठ्या मुलांना तो ठाऊक असायला हवा.

धोका केवळ स्फोटाचा नाही. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून, त्यांवर ट्रक फिरवून चाचण्या घेतल्या गेल्या. रस्त्याची झीज आसावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, असं त्यांतून दिसलं. अर्धा टन भाराच्या मोटारीच्या आसापेक्षा दहा टनांचा आस वीसपट जड असतो. झीज मात्र सुमारे एक लाख साठ हजार पट. महामार्ग या हिशेबाने बांधतात, गावरस्ते नाही. आणि अपघाताने महामार्ग अडला की वाहतूक वळते ती याच गावरस्त्यांवर. छोट्या गाड्या जातात, ते ठीक. त्यांच्यामागून ट्रेलर घुसला की मोऱ्या खचतात, साइडपट्ट्या तुटतात, आणि महामार्ग मोकळा झाल्यावरही वाडीच्या वाट्याला खड्डे राहतात.

अवजड वाहनं रोखायचा अधिकार कायद्यात आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ मध्ये बारा टनांहून अधिक एकूण वजनाचं मालवाहू वाहन 'अवजड' मानलं आहे. कलम ११५ नुसार राज्य सरकार किंवा त्याने नेमलेला अधिकारी लोकांच्या सुरक्षिततेसाठी, सोयीसाठी किंवा रस्ता-पुलाची ताकद पाहून ठरावीक वाहनांना ठरावीक रस्त्यावर मनाई करू शकतो. मनाई महिन्याभराच्या आतली असेल, तर राजपत्राचीही गरज नाही. स्थानिक प्रसिद्धी पुरते. मोडणाऱ्याला कलम १९४ खाली वीस हजारांचा दंड आहे.

कोकणाने ही बंदी दरवर्षी पाहिली आहे. गणेशोत्सवात चाकरमान्यांच्या गाड्या अडकू नयेत म्हणून मुंबई-गोवा महामार्गावर सोळा टनांपुढच्या वाहनांना ठरावीक दिवस मनाई असते. ती चांगलीच आहे. पण तिच्यातून दूध, औषधं, इंधन आणि स्वयंपाकाचा गॅस वगळलेला असतो. घरोघरी सिलिंडर लागतो, त्यामुळे हे वगळणं मी समजू शकतो. तरी मला हे खुपतं की प्रवाशाच्या सोयीसाठी कलम ११५ तत्परतेने वापरलं जातं, आणि रस्त्याकाठी बारा महिने राहणाऱ्यासाठी तेच कलम कपाटात राहतं.

पूर्ण बंदी मागणं व्यवहार्य नाही. बंदराचा माल कुठून तरी जाणारच. लंडनने १९८५ पासून यावर जी तोड वापरली, ती मला पटते. तिथे अठरा टनांहून जड ट्रकांवर रात्री आणि शनिवार-रविवारी निर्बंध असतात. परवाना घेऊन जाता येतं, पण निवासी रस्ते शक्य तेवढे टाळून. म्हणजे ट्रक थांबत नाही, त्याची वाट आणि वेळ ठरते.

कोकणाला तर याहून चांगला मार्ग माहीत आहे. कोकण रेल्वेने १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णा रो-रो सेवा सुरू केली. भरलेले ट्रक वॅगनवर चढवून घाटवळणं वाचवली. जयगड-डिंगणी रेल्वेमार्गही आखला गेला होता. तो झाला असता, तर बंदराचा बराच माल निवळीला न येता थेट रुळांवर गेला असता. तो विषय पुन्हा उघडायला हवा.

तोवर हातखंब्याच्या ग्रामसभेने तीन मागण्यांचा ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावा. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी गॅसच्या टँकरना तिठ्याच्या दोन्ही बाजूंना गावाबाहेर थांबवावं. मुसळधार पावसाच्या रात्री त्यांना उतारावर सोडू नये. आणि महामार्ग बंद पडल्यावर वळणमार्गावर अवजड वाहनांना मनाई करणारा आदेश आधीच तयार ठेवावा, फलकांसकट, म्हणजे अपघाताच्या रात्री पोलिसाला फक्त फलक उभा करायचं काम उरेल.