लग्नाचा मांडव आणि केकचे दुकान



आमचे काम उसाचे. लागण, खोडवा, बेणे, तोडणीचा कार्यक्रम. केक-पेस्ट्री हा काही आमचा विषय नव्हे. पण दिवाळीनंतर एक सभासद नाना गट ऑफिसात आले आणि विषय आमच्या गळ्यात पडला.

"साहेब, पोरीचं लगीन ठरलं. जावई धुळ्याचे, बेकरीत कारागीर. पोरगी जळगावला केक शिकली. दोघं म्हणतात, मांडव लहान घाला, उरल्या पैशात पेस्ट्रीचं दुकान टाकू. भाऊबंद काय म्हणतील?"

नानांना जे सांगितले तेच येथे देतो. कारण असा प्रश्न उद्या आपल्यापैकी कोणाच्याही घरात येईल.

भाऊबंदांचे आधी. आम्ही स्वतः बहिणीच्या लग्नात गावजेवण घातले आणि त्याचे कर्ज तीन गळीत हंगाम फेडले. वरण-बट्टी लोक आठवड्यात विसरले, हप्ता मात्र आम्हाला विसरू देईना.

दुसरे, पैसा कोणाच्या हाती द्यायचा? नाना म्हणाले, जावयाच्या. तेथे आम्ही थांबवले. लग्नाच्या बोलीत मागितलेल्या रकमेला भांडवल म्हणा की मदत म्हणा, १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने तो हुंडाच; आणि घेणाऱ्याइतकाच देणाराही गुन्हेगार. येथे मागणी नव्हती, बेत मुलीचाच होता. म्हणून रक्कम मुलीच्या बँक खात्यात जावी आणि दुकान दोघांच्या भागीदारीत, लेखी करार करून असावे. लग्नानंतर नाव बदलायचे असेल तर आधी विवाह नोंदणी, आधार, पॅन एका नावाने करून घ्यावे, मगच कर्जाचा अर्ज. एका कागदावर माहेरचे नाव अन् दुसऱ्यावर सासरचे, तर प्रकरण अडकते.

आता हिशोब. उसाचा एकरी खर्च काढतो तसाच हा. समजा, अर्ध्या किलोच्या केकला मैदा, साखर, क्रीम, खोका मिळून १८० रुपये लागले आणि केक ३५० ला विकला. हाती राहिले १७०. दुकानभाडे, वीज, पोऱ्याचा पगार, बँकेचा हप्ता मिळून महिन्याला २५,५०० रुपये धरा. भागाकार करा: १५० केक, म्हणजे रोज ५. हे पाच केक दुकानाचे. संसार चालायचा तो सहाव्या केकपासून! आपल्या भागात रोज सहावा, सातवा, आठवा केक घेणारे गिऱ्हाईक आहे का, हे आधी पाहावे. आकडे गावोगाव बदलतील, रीत हीच. आपण उसात घरच्या माणसांची मजुरी धरत नाही, ती चूक येथे करू नये. घरचा गल्ला वेगळा, दुकानाचा वेगळा. पहिल्या सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवावा. आणि उसाच्या बिलावर दुकानाचा हप्ता बांधू नये. बिल हंगामात येते, हप्ता दर महिन्याला.

तिसरे, मुहूर्त. लग्न आखाजीच्या सुमारास, दुकानही त्याच दिवशी उघडायचे, असा बेत होता. आखाजी साडेतीन मुहूर्तांतली खरी; पण खानदेशात तेव्हा पारा ४५ अंशांकडे धावतो. लोणी ३२-३५ अंशांवर पातळ होऊ लागते. क्रीमचा माल ५ अंशांच्या आत ठेवावा लागतो. फ्रीज अखंड चालणार आणि वीज गेली की माल गेला. दसराही साडेतीन मुहूर्तांतलाच. तेव्हा उघडावे. पुढे दिवाळीला घरोघरचे मैदा-तूप-साखर आणून नानकटाई भाजून घेणारे लोक असतात. त्या कामात माल गिऱ्हाइकाचा, आपली फक्त भट्टी आणि मेहनत. रोजचा आधार टोस्ट, खारी, नानकटाईचा; केक-पेस्ट्री मागणीप्रमाणे. अंडे न खाणारी घरे आपल्याकडे पुष्कळ, म्हणून बिनअंड्याचा केक हवाच.

मोठी नावेही अशीच उभी राहिली. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तेच आजचे लिज्जत. पुण्याची कयानी बेकरी १९५५ पासून नाव राखून आहे ते श्रूसबेरी बिस्किटे, मावा केक अशा मोजक्या पदार्थांवर.

आपल्या साखरेचेही दोन शब्द. केकमध्ये साखर नुसती गोडीला नसते. ती ओलावा धरून ठेवते, केक मऊ राहतो, वरचा रंगही तीच आणते. साखर कमी करून पैसे वाचवायला गेले की केक कोरडा पडतो. एस-३० चा दाणा बारीक, लवकर विरघळतो. पिठीसाखर हवेतली ओल ओढून गोळा होते, म्हणून विकतच्या पिठीत थोडा स्टार्च मिसळतात. घरी दळणाऱ्याने लागेल तेवढीच दळावी.

कागदपत्रे थोडी आहेत: अन्नसुरक्षा कायद्याची नोंदणी, दुकान कायद्याखालची सूचना, उद्यम नोंदणी. उद्यम नोंदणीला सरकारी फी नाही, एजंटाला पैसे देऊ नयेत.

नाना परवा पुन्हा आले. मांडव दारातच घालायचे ठरले. "भाऊबंदांना काय सांगितलं?" आम्ही विचारले.

"सांगितलं, जेवण एकदाच, पण दसऱ्याला केक खायला या. पैसे देऊन!"

ज्या सभासदांच्या घरी असा बेत असेल, त्यांनी वही-पेन्सिल घेऊन गट ऑफिसात जरूर यावे. पाच केकांचा भागाकार एकत्र बसून करू.

आपला,
ऊस विकास अधिकारी